छातीत कळ, अंगावरून वारं : पहिल्या दहा मिनिटांत सिस्टर काय करतात आणि घरच्यांनी काय करायचं?

तेरखेडा (ता. वाशी) : रात्री छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "गॅस झाला असंल, सोडा प्या." सकाळी उठल्यावर तोंड वाकडं झालं, हात उचलेना, की दुसरं वाक्य येतं, "अंगावरून वारं गेलंय, मालिश करू." या दोन वाक्यांत जो वेळ जातो तो पुन्हा कोणत्याही डॉक्टरला भरून काढता येत नाही.

तेरखेडा, येरमाळा, पारगाव, वाशी हा सगळा पट्टा सोलापूर-धुळे महामार्गावर आहे. रस्ता चांगला असला तरी जिल्ह्याच्या ठिकाणी धाराशिवला पोहोचायला पाऊण-एक तास लागतोच. अँजिओप्लास्टीसाठी सोलापूर, लातूर अशी मोठी शहरं गाठावी लागतात. म्हणजे मोठं मशीन लांब आहे. पण जीव वाचवणाऱ्या पहिल्या तपासण्यांना मोठं मशीन लागत नाही. ईसीजी, बीपी, शुगर, ऑक्सिजन आणि आजार सुरू झाल्याची नेमकी वेळ या पाच गोष्टी लागतात, आणि बहुतेक दवाखान्यांत त्या सिस्टर किंवा ब्रदर, म्हणजेच नर्सिंग स्टाफ, पाहतात. त्यांचं काम घरच्यांना नीट कळलं तर गोंधळ कमी होतो आणि पेशंटचा वेळ वाचतो.

या आजारांत शरीरात नेमकं काय होतं?

हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकते. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि हृदयाचा स्नायू मरायला लागतो. गुठळी जितकी लवकर विरघळेल किंवा नळी जितकी लवकर मोकळी होईल, तितका स्नायू वाचतो.

वारं जाणं, लकवा, पॅरालिसिस म्हणजेच ब्रेन स्ट्रोक. यात मेंदूची नळी गुठळीने बंद होते किंवा फुटून रक्तस्राव होतो. नळी बंद पडण्याचं प्रमाण जास्त आहे. मोठी नळी बंद पडली तर मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे.

उन्हाळ्यात आणखी एक गोंधळ होतो. शेतात माणूस कोसळला की "ऊन लागलं" म्हणून सावलीत झोपवतात. उष्माघातालाही लोक स्ट्रोकच म्हणतात, पण तो वेगळा. उष्माघातात अंग तापतं, माणूस बरळतो. ब्रेन स्ट्रोकमध्ये बहुतेक वेळा शरीराची एकच बाजू लुळी पडते, तोंड एका बाजूला ओढलं जातं. शंका असेल तर दोन्हीतही दवाखानाच गाठायचा.

गावापासून शहरापर्यंत कोण कोण भेटतं?

साधारण ५ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सपाट भागासाठी सरकारी निकष आहे. उपकेंद्रात आरोग्यसेविका आणि समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आणि स्टाफ नर्स असतात. त्यापुढे ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि धाराशिवचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय.

आरोग्यसेविकेचं एएनएम शिक्षण दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं असतं. रात्री डॉक्टर क्वार्टरवरून किंवा दुसऱ्या पेशंटकडून येईपर्यंत समोर असतात त्या सिस्टरच. इंजेक्शन कोणतं द्यायचं हे डॉक्टर ठरवतात. पण डॉक्टरला ठरवता यावं म्हणून लागणारी माहिती सिस्टर गोळा करतात, आणि ती किती लवकर हातात येते यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

छातीत दुखतंय : सिस्टर काय करतात?

१. ईसीजी. दवाखान्यात आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे, हा जगभर मानलेला नियम आहे. त्यासाठी हातापायांना चार आणि छातीवर सहा अशा दहा ठिकाणी वायरी लावतात. छाती उघडी करावी लागते, कधी केस काढावे लागतात. बाईमाणूस असेल तर सिस्टर पडदा लावून काढतात. लाजेपायी "राहू द्या, उद्या बघू" म्हणू नका.

२. बीपी, नाडी, ऑक्सिजन, शुगर. ऑक्सिजन कमी असेल तरच नळी लावतात. "ऑक्सिजन का लावला नाही" म्हणून भांडण्यात अर्थ नाही. गरज नसताना लावून फायदा होत नाही.

३. हाताला सुई. सलाईनची सुई आधीच लावून ठेवतात. पुढे बीपी पडलं तर शीर सापडणं अवघड जातं.

४. गोळ्या. डॉक्टरच्या सूचनेनुसार रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या देतात. त्यातली ॲस्पिरिन चावून खायची असते. देण्याआधी ॲलर्जी, अल्सर, रक्ताची उलटी, काळी शौच याबद्दल विचारतात. खरं सांगा.

५. मॉनिटरवर नजर. अटॅकच्या पहिल्या तासांत हृदयाचे ठोके अचानक बिघडून माणूस दगावू शकतो. तसं झालं तर लगेच छाती दाबणं आणि शॉक देणं हाच उपाय. म्हणून पेशंटला उठून बाथरूमला जाऊ देत नाहीत.

ईसीजीत मोठा अटॅक दिसला आणि अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होणं शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच देऊन मग पुढे पाठवणं ही मान्य पद्धत आहे. हे इंजेक्शन १२ तासांपर्यंत देता येतं, पण पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा फायदा सगळ्यात जास्त. आपल्यासारख्या लांबच्या गावांना हे विशेष लागू पडतं. पाठवतानाच विचारा : "इंजेक्शन इथं मिळंल का, का पुढं? पुढच्या दवाखान्याला फोन केलाय का?"

लक्षात ठेवा, पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे अटॅक नाहीच असं नाही. दुखणं चालू असेल तर थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी काढतात, रक्त तपासतात. सिस्टर "थांबा" म्हणाल्या तर थांबा.

शुगरचे पेशंट, म्हातारी माणसं आणि बायका यांना अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही. धाप लागणं, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, एकदम गळाल्यासारखं होणं, घाम येणं एवढंच दिसू शकतं.

वारं गेलंय : सिस्टर काय करतात?

ओळखायला सोपं आहे. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातंय का? दोन्ही हात उचलायला सांगा, एक खाली पडतोय का? नाव-गाव विचारा, बोबडं किंवा असंबद्ध बोलतात का? यातलं एकही असेल तर फोन उचला. अचानक तोल जाणं, एकाएकी दिसेनासं होणं हीसुद्धा लक्षणं आहेत.

सिस्टर सगळ्यात आधी बोटातून रक्त काढून शुगर बघतात. शुगर खूप कमी झाली तरी माणूस लकवा मारल्यासारखा दिसू शकतो, आणि ग्लुकोज दिल्यावर तो सुधारतो. एका मिनिटाच्या तपासणीत हे कळतं.

मग त्या विचारतात, "शेवटचं ठणठणीत कधी बघितलं होतं?" हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. स्ट्रोकमधलं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. पहाटे पाचला उठल्यावर तोंड वाकडं दिसलं, पण रात्री दहाला पेशंट नीट बोलून झोपला होता, तर घड्याळ रात्री दहापासून मोजायचं. "सकाळी झालं" एवढं मोघम सांगू नका. काही पेशंटमध्ये मोठ्या नळीतली गुठळी तारेने काढण्याची सोय २४ तासांपर्यंत उपयोगी पडते, म्हणून उशीर झाला असला तरी घरी बसायचं नाही.

इंजेक्शनआधी सीटी स्कॅन लागतोच. नळी बंद आहे की फुटली आहे हे बाहेरून कोणालाच सांगता येत नाही. फुटली असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी दिली तर रक्तस्राव वाढतो. म्हणून छातीत दुखताना उपयोगी पडणारी ॲस्पिरिन वाऱ्याच्या पेशंटला घरी कधीच द्यायची नाही. आणि म्हणूनच अशा पेशंटला सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यातच न्यायचं. कुठे न्यायचं ते १०८ च्या डॉक्टरला विचारा.

इंजेक्शन दिल्यावर काम संपत नाही, सुरू होतं

स्ट्रोकचं इंजेक्शन दिल्यावर पहिले २ तास दर १५ मिनिटांनी, पुढचे ६ तास दर अर्ध्या तासाने आणि नंतर २४ तास पूर्ण होईपर्यंत दर तासाला बीपी आणि शुद्ध तपासायची असते. हिशेब केला तर एका पेशंटच्या ३६ तपासण्या होतात. वरचं बीपी १८० आणि खालचं १०५ च्या पुढे गेलं तर डॉक्टरला कळवायचं. एकदम डोकं दुखलं, उलटी झाली, पेशंट सुस्त पडला, तर मेंदूत रक्तस्राव झाल्याची शंका. हे पहिल्यांदा ओळखणारं माणूस म्हणजे ड्यूटीवरची सिस्टर.

नर्सच्या कामाने किती फरक पडतो याचा मोठा अभ्यास ऑस्ट्रेलियात सँडी मिडलटन यांच्या नेतृत्वाखाली झाला आणि २०११ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक युनिटपैकी काही ठिकाणी नर्सनी तीनच गोष्टी काटेकोर पाळल्या : ताप आला की लगेच उतरवायचा, शुगर आटोक्यात ठेवायची आणि गिळता येतंय का हे तपासल्याशिवाय तोंडाने काहीही द्यायचं नाही. तीन महिन्यांनी पाहिलं तर मृत्यू किंवा परावलंबी होण्याचं प्रमाण इतर युनिटमध्ये सुमारे ५८ टक्के होतं, या युनिटमध्ये ४२ टक्के. महागडं मशीन नाही, नवीन औषध नाही, फक्त वेळेवर केलेली देखभाल.

यातली तिसरी गोष्ट आपल्याकडे नातेवाईकच मोडतात. "दोन घोट चहा तरी पाजू द्या" म्हणतात. लकवा मारलेल्या माणसाचा घसाही लुळा पडलेला असू शकतो. चहा पोटात न जाता फुप्फुसात जातो आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. सिस्टरनी तोंडाने काही द्यायचं नाही म्हटलं तर पाण्याचा चमचाही नको.

नर्सच्या हातात शॉकचं मशीन कधी आलं?

१९६० च्या दशकापर्यंत हृदयाला शॉक देणं हे फक्त डॉक्टरचं काम समजलं जायचं. डॉक्टर येईपर्यंत पेशंट जायचा. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये डॉ. लॉरेन्स मेल्टझर आणि नर्स रोझ पिनिओ यांनी वेगळा विचार केला. पेशंटजवळ चोवीस तास नर्स असते, तर मॉनिटर वाचायला आणि शॉक द्यायला तिलाच शिकवायचं. आजचे आयसीसीयू याच विचारावर उभे आहेत.

आपल्या देशातही उदाहरणं आहेत. २०१९ मध्ये आयसीएमआरने दिल्लीत 'मिशन दिल्ली' सुरू केलं. एम्सच्या आसपासच्या भागात छातीत दुखल्याचा फोन आला की प्रशिक्षित नर्स मोटारसायकलवरून घरी पोहोचायच्या, ईसीजी काढून एम्सच्या डॉक्टरला पाठवायच्या आणि त्यांच्या सल्ल्याने उपचार सुरू करायच्या. गोव्यात २०१८ मध्ये स्टेमी प्रकल्प सुरू झाला. तिथे लहान सरकारी दवाखान्यातला ईसीजी ऑनलाइन जातो आणि बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजशी जोडून उपचार ठरतात. तमिळनाडू सरकारने २०२३ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रांत अटॅकच्या पेशंटसाठी १४ गोळ्यांचा पहिला डोस तयार ठेवायला सुरुवात केली : २ ॲस्पिरिन, ४ क्लोपिडोग्रेल, ८ अटोर्वास्टॅटिन. हा डोस कुणी घरी स्वतःच्या मनाने घ्यायचा नाही.

तेरखेड्यासारख्या गावात ग्रामसभेत किंवा रुग्ण कल्याण समितीत विचारण्यासारखे प्रश्न यातूनच निघतात. आपल्या आरोग्य केंद्रात ईसीजी मशीन चालू आहे का? रात्रीच्या ड्यूटीवरच्या सिस्टरना ते चालवायचं प्रशिक्षण मिळालंय का? ईसीजी कोणत्या डॉक्टरला पाठवायचा, त्याचा नंबर भिंतीवर लावलाय का? शॉकचं मशीन जवळात जवळ कुठं आहे?

सिस्टरना या सात गोष्टी लगेच सांगा

१. त्रास नेमका किती वाजता सुरू झाला, किंवा शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं.
२. वय, आणि बीपी, शुगर, जुना अटॅक किंवा जुना लकवा आहे का.
३. चालू गोळ्या. नावं आठवत नसतील तर पाकिटंच पिशवीत घालून न्या.
४. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का.
५. अलीकडे ऑपरेशन, डोक्याला मार, रक्तस्राव झाला होता का.
६. घरी किंवा दुसऱ्या दवाखान्यात कोणतं इंजेक्शन-गोळी दिली.
७. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का.

बोलायला एकच माणूस पुढे ठेवा. दहाजण एकदम बोलले तर सिस्टरना काहीच नीट लिहिता येत नाही. दवाखान्यात मारहाण, तोडफोड करणं हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे त्या गोंधळात आपलाच पेशंट मागे पडतो.

हे करू नका

- अटॅकच्या पेशंटला चालवत किंवा मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका.
- सोडा, लिंबूपाणी, गॅसची गोळी देऊन वाट पाहू नका.
- सोशल मीडियावर वाचून जिभेखाली गोळी ठेवू नका. बीपी आधीच कमी असेल तर ते आणखी पडतं.
- वाऱ्याच्या पेशंटला कांदा हुंगवणं, कबुतराचं रक्त चोळणं, गरम तेलाची मालिश यात वेळ घालवू नका.
- शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा.

श्वास थांबला तर

हाक मारून, खांदा हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास चालत नाही, तर पेशंटला कडक जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, कोपर न वाकवता ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, दाबून लगेच सोडायचं. दमलात तर दुसऱ्याने घ्या. मदत येईपर्यंत थांबू नका. आरोग्य केंद्राच्या सिस्टर किंवा १०८ च्या डॉक्टरला बोलावून गावातल्या पोरांना, बचत गटाच्या महिलांना, फटाका कारखान्यांतल्या कामगारांना हे एकदा शिकवून घ्यायला हरकत नाही.

गाडी आणि पैसा

१०८ ला फोन मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतात. ही सेवा राज्यात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. फोनवर गाव, वस्ती, महामार्गापासूनची खूण आणि "छातीत दुखतंय" किंवा "एक बाजू गेली" असं स्पष्ट सांगा. गाडीला फार वेळ लागणार असेल तर त्यांनाच विचारून चारचाकीने निघा आणि निघतानाच दवाखान्याला फोन करा, म्हणजे सिस्टर तयारीत राहतात.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. अँजिओप्लास्टीसारखे मोठे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयात होतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. कागद सापडत नाहीत म्हणून पेशंट घरी थांबवू नका. कागद मागून आणता येतात.

घरी आल्यावर

डिस्चार्जनंतर पेशंट पुन्हा गावातल्या सिस्टर आणि सीएचओंच्याच हाती येतो. बीपी-शुगर दर महिन्याला तपासायची. "बरं वाटतंय" म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःहून बंद करायची नाही, स्टेंट टाकलेल्यांनी तर अजिबात नाही. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. हातापायांचा व्यायाम लवकर सुरू करायचा. तंबाखू, मिश्री, बिडी बंद.

आणि ज्यांना अजून काहीच झालेलं नाही, त्यांनी वयाच्या तिशीनंतर उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, जाऊन बीपी-शुगर मोफत तपासून घ्यावी. वाढलेलं बीपी बऱ्याचदा दुखत नाही, कळत नाही. ते सिस्टरच्या पट्ट्यातच कळतं.

फोनमध्ये आजच सेव्ह करा : रुग्णवाहिका १०८. आरोग्य सल्ला १०४. गरोदर माता व बाळासाठी १०२. सोबत आपल्या आरोग्य केंद्राचा आणि आशाताईंचा नंबर. घरातल्या बीपी-शुगरच्या पेशंटच्या गोळ्यांचा फोटोही काढून ठेवा.